सामाईक भिंत

पणजीच्या मळ्यात शिरलो तेव्हा सकाळचे साडेसहा.
गल्ली एवढी अरुंद की स्कूटर आली तर माणसानं उंबऱ्यावर चढायचं.
निळं घर, पिवळं घर, गेरूच्या रंगाचं घर,
आणि माझे डोळे वर,
सज्जे मोजत,
कुठली खिडकी अर्धी उघडी, कुठला पडदा वाऱ्याशिवाय हलला.
बत्तीस वर्षं झाली. सवय जात नाही.
मागून पदेराचा भोंगा वाजला
आणि मी भिंतीला पाठ लावून उभा.
पाव विकणारा पोरगा सायकल थांबवून बघत राहिला.
म्हणालो, फुर्तादांचं घर कुठलं?

मेजर अवेर्तान फुर्ताद.
आम्ही जतकडची, खटावकडची पोरं,
नाव जिभेवर बसेना, म्हणून 'अवतार साहेब'.
हसायचे. म्हणायचे, बाप भट्टीवाला माझा, अवतार कसला.

त्या शहराचं नाव मी घरात घेत नाही.
तिथंही गल्ल्या अशाच, घराला घर चिकटलेलं.
साहेबांचा हुकूम: रस्त्यावर कुणी पाऊल टाकायचं नाही,
भिंती फोडत पुढं सरकायचं.
पहारीनं पाडलेल्या भोकांतून आम्ही
परक्यांच्या स्वैपाकघरांतून गेलो,
देवांच्या तसबिरींखालून,
दोरीवरच्या फ्रॉकांमधून.
एका ताटातला भात अजून ओला होता.

सातव्या भिंतीपाशी मी ग्रेनेडची पिन काढली.
भोक पडलं होतं. आत टाकायचा, संपलं.
साहेबांनी माझी मूठ त्यांच्या मुठीत धरली
आणि कान लावला विटांना.
"थांब, नाईक. आमच्या मळ्यात भिंत सामाईक असते.
शेजारणीचा खोकला दम्याचा की मुद्दाम,
हे मला दहाव्या वर्षी कळायचं.
आत म्हातारं माणूस आहे. आणि एक पोर, तोंड दाबलेलं."
मी विचारलं, आणि बंदूकवाला?
"तोही असेल," म्हणाले,
बाजारात बांगडाही असेल, म्हणावं तसं.

बंदूकवाल्याची नजर भोकावर असणार.
म्हणून साहेब समोरच्या दारानं गेले,
रस्त्यावरून,
जिथं कुणी पाऊल टाकायचं नव्हतं.

तीन गोळ्या. मग एक.
मग साहेबांचा आवाज, "घे."
भोकातून आधी पोर आलं, केसांत चुना,
मग म्हातारी, मागून कुणीतरी ढकललेली.
मग कुणीच आलं नाही.

एका हातानं पोर धरलं.
दुसऱ्या मुठीत ते लोखंड, जिवंत.
बोटं उघडायची नाहीत, एवढंच डोक्यात,
साहेबांना ओढून बाहेर आणेपर्यंत,
त्यांच्यावर ब्लँकेट घालेपर्यंत,
आणि त्यानंतरही.
शेवटी परसातल्या कोरड्या विहिरीत टाकलं.
विहीर ओरडली.
मला ओरडता आलं नाही.

पदकाच्या कागदावर 'अतुलनीय' आहे, 'शत्रूसमोर' आहे.
खोकल्याचा उल्लेख नाही.

एस्पेरांसाबाय आता नव्वदीच्या.
"बस रे पुता," म्हणाल्या.
बसमध्ये रात्रभर मी सगळं पाठ करत आलो होतो,
कुठून सुरू करायचं, कुठली गोळी गाळायची.
त्यांनी एवढंच विचारलं,
"तो जेविल्लो?"

दुपारचे चार वाजून गेले होते त्या दिवशी.
डबे मागंच राहिले होते, दोन गल्ल्यांपलीकडं.
म्हणालो, हो. भात.

त्यांनी गरम उंडो पुढं केला.
माझ्या उजव्या हाताची बोटं पुरती उघडत नाहीत,
ते त्यांनी पाहिलं,
आणि पाव मोडून
मुठीत मावेल एवढा तुकडा तीत सरकवला.

तेवढ्यात भिंतीपलीकडून खोकला.
माझा कान आपोआप विटांकडं.
म्हातारीनं काठीनं दोनदा भिंत ठोकली,
पलीकडून दोनदा उत्तर आलं.
"मुद्दाम खोंकता ती," म्हणाल्या,
"घरात कोण आलाय, तिला कळायला हवं ना."